कूलर आणि गांधार

अमरावतीच्या उन्हाळ्यात भरदुपारी कूलर बंद करायला लावणारी बाई म्हणजे घरादाराची वैरीणच. ती मी. कूलरच्या ओल्या हवेनं तानपुरा उतरतो, म्हणून माझी गाण्याची शिकवणी सुरू झाली की कूलर बंद, हा आमच्या घरचा कायदा. नवरा बनियनवर ओसरीत जाऊन बसायचा आणि येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचा, आमच्या घरी माणसं शिजली तरी चालतात, तानपुरा ओला नाही झाला पाहिजे.

त्याला सुरातलं ओ की ठो कळत नाही. लग्नानंतर एकदा मी हौसेनं त्याला पेटीवरचा गांधार, म्हणजे सारेगमधला ग, ऐकवला, आणि मग तानपुऱ्यातला. खर्जाची, म्हणजे खालच्या 'सा'ची, तार नीट लागली की तिच्या घुमण्यातून गांधार आपसूक ऐकू येतो, कोणी छेडलेला नसतो. पेटीतला त्याच्यापेक्षा किंचित चढा. कुठल्याही पट्टीत गाता यावं म्हणून पेटीतल्या सुरांना थोडं थोडं सरकवून बसवलेलं असतं. त्यानं दोन्ही ऐकले, डोकं खाजवलं आणि म्हणाला, "एवढ्याशा फरकाले काय घेऊन बसली?"

अशी भडकले होते मी! अहो, त्या एवढ्याशावरच तर माझं सगळं होतं. पोरींना पेटीला हात लावू न देता तो गांधार शिकवला, रडेपर्यंत शिकवला. एखादीचा गळा बरोबर त्या जागी जाऊन टेकला, की त्या दिवशी मला जेवण गोड लागायचं.

गेल्या उन्हाळ्यात जोडी लागेना. जोडी म्हणजे तानपुऱ्याच्या मधल्या दोन तारा, दोन्ही एकाच सुरात. तारेत ओवलेला मणी सरकवून पाहिला, खुंटी पिळली, तरी दोघींचं आपसात भांडण. खापर कूलरवर फोडलं आणि तो दिवसभर बंद ठेवायला लावला. घरात कोणी माझ्याशी धड बोलेना. तारा बदलल्या. मग एका दुपारी नुसती एकच तार छेडली, तर ती एकटीच दोन सुरांत वाजली. डावा कान बोटानं दाबला, मग उजवा. डाव्या कानात तीच तार जराशी उतरलेली होती.

अकोल्याला कानाचे चांगले डॉक्टर आहेत असं कळलं म्हणून गेलो. त्यांनी मला काचेच्या खोलीत बसवून शिट्ट्या ऐकवल्या. म्हणाले, डावा कान बराच गेलाय, उजवाही आता पूर्वीचा राहिला नाही, आणि ह्याला औषध नाही. मी सुराचं विचारलं, तर ते समजुतीनं हसले. बोलणं ऐकू येतं ना, मग ह्या वयात एवढा फरक चालायचाच. परतीच्या गाडीत मूर्तिजापूरजवळ समोरून दुसरी गाडी गेली. तिची शिट्टीही मला दोन सुरांत ऐकू आली. नवरा शेजारी बसून शेंगा सोलत होता. त्यानं सोललेले दाणे माझ्या हातावर ठेवले, आणि मला इतकं रडू आलं की समोरची बाई सरकून बसली.

डाव्या कानात कापूस कोंबून पाहिला. तानपुरा लांबून कुणाच्या तरी घरातून आल्यासारखा वाटायचा, आणि गायला लागले की माझाच आवाज हाडांतून त्या कानात पोचायचा. आणि उजव्यावर तरी कशाच्या जोरावर विश्वास ठेवू? गांधार मग ऐकूच येईना. खर्ज छेडून वाट पाहत बसायची. तार विझून जायची.

शिकवणी बंद करते म्हणाले, तर नवऱ्यानं मोडता घातला. बाकीच्या पोरी हळूहळू गळाल्या, एक मात्र येत राहिली, अनेक वर्षांपासून शिकणारी, गळ्याची चांगली. परवा तिला म्हटलं, आज तानपुरा तू लाव. नवरा सवयीनं उठला, कूलर बंद केला आणि बाहेर गेला. पोरीनं मान तिरकी करून मणी सरकवला, तारा छेडल्या, पुन्हा सरकवला. अगदी मी करायची तसं. मग माझ्याकडे पाहिलं.

"ताई, लागला काय?"

माझ्या कानात चार तारांच्या आठ झाल्या होत्या.

"तुले काय वाटते?"

"लागला वाटते."

"मग लागला," मी म्हटलं.

तिनं डोळे मिटून सा लावला आणि हळूहळू गांधारावर जाऊन थांबली. तिचा चेहरा एकदम निवला. बरोबर जागी टेकली असावी. मला माहीत नाही. मी तिच्या चेहऱ्याकडे बघून मान डोलावली. घामानं तिचं कपाळ चमकत होतं.

ओसरीकडे तोंड करून मी नवऱ्याला हाक मारली.

"अहो, कूलर लावा."