चपला सांभाळणारी कप्तान

आमच्या कप्तानाने लहानपणी एकही धाडस केले नाही. ती काठावर उभी राहून आमच्या चपला सांभाळायची. तरी टोळीत शूर म्हणून नाव तिचेच. आता बोला.

मी एकटी असले की परसातल्या कोंबड्यालाही भीत असे. पण चार पोरी बघायला असल्या की माझ्या अकलेला सुट्टी. मोहाच्या झाडावरच्या पोळ्याला मी काठी घातली, ती कप्तान "सुली तं घालते म्हणते" म्हणाली म्हणून. तोंडाचा भोपळा झाला. तेव्हा आमच्यातलीच सुली म्हणाली, "मले तं तिनं सांगतलं, तू घालून राह्यली." एवढे कळल्यावर शहाणी पोर सावध झाली असती. मी सूज उतरायची वाट पाहिली.

गावाबाहेर नाल्यावर बुटका रपटा होता, बिनकठड्याचा पूल. पावसाळ्यात त्याच्यावरून पाणी वाहायचे. एकदा शाळेतून येताना कप्तानाने आमच्या चपला काखेत घेतल्या. "सुली चालली. तुले काऊन भेव लागते?" सुली तर माझ्या मागेच लपली होती. तरी मी निघाले. भित्री म्हणतील ना! मध्यावर पाय सुटला. पाणी उतरायची वाट पाहत बसलेल्या बांगडीवाल्या चाचांनी उडी घातली आणि वेणी धरून मला काठावर ओढले.

"किसने भेजा इसे?" चाचा ओरडले.

"मी तं नाईच म्हणून राह्यली होती, चाचा," कप्तान म्हणाली.

आणि मी मूर्खाने, गढूळ पाणी ओकत, होकाराची मान डोलावली.

परवा मार्कंड्याच्या जत्रेत ती भेटली, माझ्यासारखीच म्हातारी. सोबत माझी सहा वर्षांची नात. नदीच्या पायऱ्या शेवाळलेल्या. "बाकीच्या बाया तं उतरल्या वो. तुले काऊन भेव लागते?" कप्तान म्हणाली. डॉक्टरांनी गुडघे जपायला सांगितलेली मी. मुकाट्याने चपला तिच्या हातात दिल्या. मग ती नातीकडे वळली. "तुही आजी चालली पाह्य. तू?"

पोरीने लगेच चपला काढल्या.

मी तिचे मनगट धरले. कप्तानाच्या हातातून माझ्या चपला ओढून घेतल्या. "आज तू उतर. तुह्या चपला मी धरते."

तिने पाण्याकडे पाहिले. "मले तं लहानपणापासून पाण्याचं भेव वाटते," ती म्हणाली, अगदी शांतपणे.

नात खिदळली. मी मात्र घाईघाईने चपला पायात घातल्या. आणखी थोडा वेळ थांबले असते, तर उतरलेच असते.