आवडीचा धंदा आणि मोठेबाबांची खोली

आमच्या खोलीत माल कधी साठला नाही. किस्से मात्र इतके साठले की तेच ऑनलाइन विकता आले असते, तर आज आर्णीत आमचा बंगला असता.

खोली मोठेबाबांची, म्हणजे माझ्या वडिलांच्या थोरल्या भावाची. रस्त्याकडे उघडणारं एक दार, दाराला लोखंडी कडी. पदवी घेऊन मी आणि माझ्या मैत्रिणी वैशाली, ज्योती अशा तिघी घरी बसलो होतो. ऑनलाइन धंदा करायचा, एवढं पक्कं होतं. कोणता, ते ठरायचं होतं. मोठेबाबांनी दिवाळीपर्यंत खोली दिली. त्यानंतर तिथे एका कृषी केंद्राचं गोदाम होणार आणि मी अमरावतीला बँकेच्या परीक्षेच्या क्लासला जाणार, हेही त्यांनी परस्पर ठरवून टाकलं. आमच्याकडे मोठी माणसं आधी ठरवतात, मग सांगतात, आणि त्यालाच विचारणं म्हणतात.

मोठेबाबा एसटीत कंडक्टर होते. नोकरी सुटली, घंटी सुटली नाही. जेवण पुरे झालं की ताटावर एकदा टण. चला, निघा म्हणायचं असलं की दोनदा. रोज संध्याकाळी खोलीवरून जाताना ते दाराची कडी एकदाच वाजवायचे. एक टण. गाडी थांबवा!

*

पहिल्या दिवशी आम्ही एक व्हिडिओ पाहिला. त्यातला गुळगुळीत केसांचा दादा म्हणाला, आधी स्वतःला विचारा, मला काय आवडतं आणि मला काय येतं? दोन्ही जुळेल तिथे तुमचा धंदा.

ज्योती म्हणाली, मला झोप आवडते आणि येतेही. वैशालीला विचारलं तर ती नुसती हसली. वैशाली बोलू शकते, पण तिला कधी गरज पडत नाही.

माझी पाळी आली तेव्हा उत्तर दारातून आलं. मोठेबाबा म्हणाले, "हिले उलटून बोलता येते. त्याले गिऱ्हाईक भेटते काय, पाहा."

*

वैशालीच्या हातच्या पातोडीच्या रश्श्याला तोड नाही. म्हणून आधी रेसिपीचं चॅनल काढलं. पहिला व्हिडिओ सुरेख झाला. बेसन, वड्या, रश्श्यावर तर्री, सगळं दिसत होतं, आणि पहिल्यापासून शेवटपर्यंत एक शब्द नव्हता. खाली कॉमेंट आली, "ताई, आवाज बंद आहे का?"

मग आवाज ज्योतीचा घेतला. ज्योती बंजारा तांड्यावरची. घरी गोर बोली, बाहेर मराठी, रागात हिंदी, आणि तिन्हींत ब्रेक नाही! वड्या रश्श्यात सुटताना तिने सांगितलं की तिच्या काकीच्या वड्या अशाच फुटतात, आणि तोंडही असंच सुटतं.

काकीने व्हिडिओ पाहिला. दुसऱ्या दिवशी ज्योतीची याडी, म्हणजे तिची आई, खोलीत येऊन बसली आणि चॅनल बंद झाल्याशिवाय उठली नाही.

*

मग साड्या आणल्या. ग्रुपवर फोटो टाकले. उमरखेडच्या एका बाईंनी जांभळी साडी पसंत केली आणि आमचा पत्ता विचारला. आम्हाला वाटलं, पार्सलवर लिहायला हवा असेल. दुसऱ्या दिवशी बाई एसटीने हजर.

म्हणाल्या, "हात लावल्याबिगर कपडा कसा घ्याव व?"

आईने चहा केला. चहावर गाव निघालं, गावातून नातं निघालं, आणि बाईंची नणंद माझ्या आईच्या मावशीच्या घरात दिलेली निघाली. झालं! आता पाहुणी बिनाओटीची कशी जाणार? आईने गहू घेतले, नारळ घेतला, आणि खोलीत येऊन हाताला लागली ती साडी बाईंच्या ओटीत घातली. जांभळीच.

ओटीचे पैसे कोण मागतं? मी मागणार होते. आईने डोळे वटारले.

निघताना बाई म्हणाल्या, "ऑनलाइन लय बेस असते. माह्या जावेलेही पाठवतो."

*

मधल्या काळात मी इंग्रजीचा ऑनलाइन क्लास घेतला. पुसदच्या एका मुलाशेजारी त्याचे आजोबा बसायचे. प्रश्न मुलाला, उत्तर आजोबांचं. मुलगा निवांत बिस्किटं खायचा.

एकदा मी म्हटलं, आजोबा, त्याला बोलू द्या. ते म्हणाले, "त्याले येत नाई म्हणून त क्लास लावला न बाई."

मग उरलेला तास मी, दुसऱ्याच्या वतीने उत्तरं देणाऱ्या वडीलधाऱ्यांबद्दल माझं काय मत आहे, ते सांगितलं. मुलांनी टाळ्या वाजवल्या. पालकांनी नावं काढून घेतली.

*

साड्यांचा शेवटचा गठ्ठा आला तो डाग पडलेला. व्यापारी म्हणाला, माल परत होत नाही. मी फोन लावला. आधी नम्रपणे बोलले, मग नुसतीच बोलले. मग त्याच्या मॅनेजरशी, मग मॅनेजरच्या वरच्याशी. पार्सल उघडतानाचा व्हिडिओ पाठवला आणि तक्रार कुठे जाणार आहे तेही सांगितलं. शेवटी माल बदलून मिळाला. वर तो माणूस दमून म्हणाला, "मॅडम, आप रोज यही काम करते हो क्या?"

मी फोन ठेवला. कोपऱ्यातून वैशाली बोलली.

"आवडते बी, येते बी."

त्याच संध्याकाळी ज्योतीने सगळ्या ग्रुपवर टाकलं: ऑनलाइन फसले? तुमच्या वतीने आम्ही भांडू!

*

दिवाळी तोंडावर आली आणि मोठेबाबा कृषी केंद्राच्या मालकांना खोली दाखवायला घेऊन आले. मी फोनवर होते. दिग्रसच्या एका काकूंनी मिक्सर मागवला होता, आणि खोक्यात निघालं होतं नुसतं झाकण.

"झाकणात चटणी कशी वाटायची ते तुम्ही सांगा," मी पलीकडच्या माणसाला म्हणत होते. "सावकाश सांगा. काकू लाइनवर आहेत, त्या करून पाहतील."

मालक भिंत मोजायची सोडून ऐकत उभे राहिले. फोन संपला. काकूंकडे नवा मिक्सर रवाना झाला.

मालक म्हणाले, "ताई, माह्या फवारणीच्या पंपाचं पार्सल कुठंसं अडकून राह्यलं. तेवढं पाहता काय?"

ज्योतीने त्यांना स्टूल दिलं.

मोठेबाबा आत घरात गेले. परत आले तेव्हा हातात एक खोकं होतं. ऑनलाइन म्हणजे लुटारूंचा बाजार, हे ज्यांच्याकडून आम्ही रोज ऐकलं, त्यांनी गुडघ्याचा पट्टा मागवला होता. तो माझ्या मनगटालाही घट्ट झाला.

"मले काहून नाई सांगितलं, मोठेबाबा?"

"उलटून बोलली असती."

खोकं त्यांनी टेबलावर ठेवलं. मालकांच्या स्टुलाकडे पाहून म्हणाले, "जरा पुढं सरका. मागं जागा करा." आणि बाहेर पडले.

दाराची कडी वाजली. टण.

आम्ही तिघी दाराकडे पाहत राहिलो.

टण.