एक रेघ कमी

आमच्या मायला, चंद्रभागाबाईला, काही मळकं दिसलं की तिचा पदर आपोआप पुढं येतो. ताट असो, आरसा असो, नाहीतर माझ्या नाकावरचा चष्मा. वडवणीजवळच्या आमच्या गावात तिचं सारवण नावाजलेलं. मनगट डावीकडून उजवीकडं फिरवत ती जमिनीवर अर्धगोल ओढत जाते, आणि प्रत्येक अर्धगोलात मधली एक रेघ कमी असते. ऊस तोडताना कोयता लागला तेव्हापासून तिचं मधलं बोट वाकडंच राहिलं, ते जमिनीला टेकत नाही.

या दसऱ्याआधी घरी गेले तेव्हा ती गप्पगप्प होती. रेशन दुकानातल्या मशीननं तिचा अंगठा नाकारला होता. वर्षानुवर्षं कोयता धरून आणि पाचट ओढून बोटांवरच्या रेषाच झिजल्यात. त्यात रांगेतलं कुणीतरी हसलं, "चंद्रभागाबाई, हात घरी ठिवून आलात का?" तेव्हापासून ती दुकानाकडं फिरकली नव्हती. ऊसतोडीसाठी साखर कारखान्याला निघण्याआधी धान्य उचलायला हवं होतं. बाबा समजावून थकले.

"मी न्हाई जात. मशीन म्हणती, मला हातच न्हाई," एवढंच तिचं उत्तर.

हातच्या काकणाला आरसा कशाला, म्हणतात. इथं साक्षात हात पुढं केला तरी पटत नाही! मला त्या मशीनचा असा संताप आला, की उचलून विहिरीत टाकावी.

मी संभाजीनगरला भौतिकशास्त्र शिकते. मोबाइलच्या, कॅल्क्युलेटरच्या पडद्यात द्रवस्फटिक नावाचा एक द्रव असतो, त्यावर माझं काम चालू आहे. काचेवर एक पातळ थर द्यायचा आणि तो मखमलीनं एकाच दिशेनं घासायचा. काच कोरीच दिसते, पण त्या थरावर दिशा उमटलेली असते; पुन्हा कशानंही घासलं की ती बदलते. वर हा द्रव सोडला की त्याचे रेणू त्याच दिशेनं ओळीत पडतात, तिफणीच्या तासात बी पडावं तसे. अशा आगपेटीएवढ्या काचा सुट्टीत घरीच घासून मी डब्यात ठेवल्या होत्या. परत गेल्यावर सरांना दाखवायच्या होत्या.

सकाळी बघते तर माय दारात बसून एकेक काच कोरड्या पदरानं पुसतेय.

"माय! काहून हात लावलास?" मी ओरडलेच.

"धूळ हुती गं. तुझ्या कालेजातल्या काचा, मळक्या कशा दिऊ?" मग तिनं हात पदराखाली घेतला. "चुकलं माझं. ह्या हाताला आता कायबी जमंना."

मी तिच्या पुढ्यातल्या काचा उचलल्या. डबा बंद केला आणि संभाजीनगरला आले.

फेकवेना म्हणून प्रयोगशाळेत त्यातली एक काच घेतली. द्रव सोडला, वर नीट घासलेली नवी काच ठेवली आणि प्रकाश गाळणाऱ्या दोन पोलरॉइड पट्ट्यांच्या मधे धरून दिव्याकडं पाहिलं. आत अर्धगोल होते. उजळ, काळे, डावीकडून उजवीकडं ओढलेले. मधे एक रेघ कमी.

"ही नक्षी कुणी केली?" सरांनी विचारलं.

"माझ्या मायनं," मी म्हणाले आणि त्यांच्यासमोरच मला रडू फुटलं.

बाबांच्या मोबाइलवर त्या नक्षीचा फोटो पाठवला आणि फोन लावला. बाबांनी फोटो मायपुढं धरला.

"हे तर माझं सारवण हाय," ती म्हणाली. "पर मी तर नुसतं पुसलं."

"डोळ्याला दिसत नव्हतं, माय. पण तुझा हात काचेवर राहिला होता."

"मधलं बोट बी उठलं न्हाई बघ," म्हणत ती हसली. किती दिवसांनी हसली.

दुसऱ्या दिवशी बाबांचा फोन आला. माय आपणहून रेशन दुकानात गेली होती. मशीननं पुन्हा नकार दिला. दुकानदार बद्रीनाथ म्हणाला, "बाई, तुमचा हात लागंना." एरवी ती मान खाली घालून परतली असती. या वेळी तिनं तळहात सरळ टेबलावर ठेवला.

"हात हाय माझा. तुझ्या मशीनला दिसंना, त्याला मी काय करू? अंगठ्याऐवजी डोळं तपासायचं यंत्र असतंय, ते आण. तवर मी बसती."

बद्रीनाथ यंत्र शोधायला आत गेला. माय तिथंच बसली, बाबा सांगत होते, आणि बसल्या बसल्या पदरानं त्या मशीनवरची धूळ पुसायला लागली.