आज कुणाकडं नाही आलं?

कमलमावशी गेल्याचं मला ज्याच्या मेसेजवरून कळलं, त्यानेच महिनाभरापूर्वी त्याच ग्रुपवर त्यांना चोर ठरवलं होतं. हात जोडलेल्या सहा-सात खुणा, फुलांची चौकट, आणि खाली ‘रहाटणीची माऊली हरपली’. मी बसस्टॉपवर उभी होते. आधी वाटलं, ही काहीतरी वाईट चेष्टा आहे. मग खाली एकेक ‘भावपूर्ण श्रद्धांजली’ पडायला लागली... पुढच्याचं उचलून मागच्याने चिकटवलेली. कुणी विचारलं नाही, कधी, कशाने, घरी कोण आहे. मी मावशींच्या सुनेला, अश्विनीला फोन लावला. ती फक्त म्हणाली, “दुपारी जरा पडते म्हणाल्या गं, उठल्याच नाहीत.”

मावशी मूळच्या लातूरकडच्या. चाकणच्या एका कंपनीत पॅकिंगला उभं राहून त्यांनी उमेदीची वर्षं घालवली. गुडघे गेल्यावर घरी बसल्या आणि मुलाने दिलेल्या फोनवर त्यांनी एक व्हॉट्सॲप ग्रुप काढला : ‘पाणी आलं का’. आमच्या रहाटणीत पाणी दिवसाआड येतं, आज या भागात तर उद्या त्या, तेही लहरीवर. सुरुवातीला चाळीतल्या चार बायका होत्या. मग जुन्या गावठाणातली घरं आली, मग नव्या सोसायट्या आल्या, आणि पाण्याबरोबर भांडणंही आली. गाववाले म्हणायचे, बाहेरच्यांनी येऊन आमचं पाणी पळवलं. सोसायटीवाले म्हणायचे, टॅक्स आम्ही भरतो. भाडेकरूंना दोघंही बोलायचे. ग्रुप चालवणाऱ्या मावशी मात्र रोज सकाळी एकच वाक्य बोलून टाकायच्या, “आज कुणाकडं नाही आलं?” आलं का, असं त्या कधीच विचारत नसत. म्हणायच्या, “ज्याच्याकडं आलंय तो बादल्या भरायलाय. त्याला कशाला विचारू?”

ग्रुपवर कुणी शिवी दिली की मी लगेच लिहायचे, काढा याला. मी पत्रकं लिहिणाऱ्या पोरांमध्ये वाढलेली. कामगारांच्या गेटसभांची पत्रकं, कचऱ्याची, खड्ड्यांची. समोरचा चूक असला की त्याला ठोकायचं, एवढंच मला येतं आणि त्याची मला लाज नाही. मावशी कुणालाच काढत नसत. त्या फोन लावायच्या. फोन उचलला गेला की पहिला प्रश्न, “जेवलात का?” दोन मिनिटांपूर्वी सगळ्या वस्तीची आई-बहीण काढलेला गडी पलीकडून एकदम नरमून म्हणायचा, “हां... हां मावशी, जेवलो की.” मग भांडण व्हायचं, चांगलं कडाक्याचं व्हायचं, पण माणसासारखं. मी विचारलं होतं, हे जेवणाचं काय मध्येच? हसून म्हणाल्या, “अगं, तोंडात घास आठवला की शिवी येत नाही. करून बघ.”

एकदा माझी पोस्ट वाचून त्यांनी मला घरी बोलावून घेतलं. त्यांचा फोन ओट्याजवळच्या खिडकीत स्टीलच्या ग्लासात उभा असायचा, म्हणजे आवाज मोठा येतो. भाकरी थापताना लोकांचे निरोप त्या ग्लासातून ऐकायच्या. माझीच पोस्ट त्यांनी अश्विनीकडून मोठ्याने वाचून घेतली, माझ्यासमोर. मी म्हटलं, “मावशी, चुकीचं काय आहे यात?” “चुकीचं काहीच नाही लेकरा. पण तुझं पत्रक माणूस रस्त्यावर घेतो, नको असलं तर टाकून देतो. हे तसं नाही. हे घरात शिरतंय, ताटापतूर येतंय. मग चपला काढून शिरावं की.” मी वाद घातला. आजही घालीन. पण त्या दिवसापासून पोस्ट टाकण्याआधी ती कुणाच्या ताटाशी जाऊन बसणार आहे, हे मला दिसतं, आणि ते दिसणं काही जात नाही.

मग ते टँकरचं झालं. एका सकाळी मावशींनी बोलून टाकलं : आज मोठी लाइन बंद आहे, पाणी येणार नाही, साठवलेलं जपून वापरा, अगदीच अडलं तर टँकर सांगा. सोसायट्यांनी टँकर मागवले. आणि भर दुपारी पाणी आलं. दुरुस्ती लवकर झाली होती, एवढंच. ताबडतोब त्या गृहस्थाने लिहिलं, “मावशी आणि टँकरवाल्याचं साटंलोटं आहे का, याचा जाहीर खुलासा व्हावा.” त्याचं नाव मी इथे लिहीत नाही. मावशींना ते आवडलं नसतं, एवढ्याचसाठी. माझी तर जीभ शिवशिवतेय. त्याखाली अंगठे उठले. हसणारे चेहरे उठले. ज्यांच्या घरची लग्नं मावशींनी सांगितलेल्या पाण्यावर पार पडली, त्या लोकांचे अंगठे.

मावशींनी रीतीप्रमाणे त्याला फोन लावला. त्याने उचलला नाही. पुन्हा लावला, तर नंबर ब्लॉक. समोरासमोर राहणारा माणूस! गॅलरीतून दिसतो! मी तणतणत मावशींच्या घरी गेले. “तुम्हाला लाइन बंद असल्याचं सांगितलं कुणी? नाव द्या, मी आत्ता टाकते.” बराच वेळ त्या पोळपाट पुसत राहिल्या. मग म्हणाल्या, “संतोष.” संतोषदादा म्हणजे आमच्या भागात व्हॉल्व्ह सोडणारा माणूस, ठेकेदाराकडचा. लोकांना काही सांगायचं नाही, असा त्याला दम होता. तरी बायकांची पंचाईत नको म्हणून तो मावशींना आधी कळवायचा.

“नाव टाकलंस तर त्याची नोकरी जाईल,” मावशी म्हणाल्या.

“आणि तुमचं नाव गेलं त्याचं?”

“माझी काय नोकरी जायलीय का? तू कशाला चिडायलीस? बस, चहा घे.”

मी चहा घेतला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी ग्रुपवर त्यांचा आवाज नेहमीसारखाच आला, “आज कुणाकडं नाही आलं?” उत्तरं कमी आली. मग आणखी कमी. भाजीवाल्यापाशी बायका त्यांना बघून गप्प व्हायला लागल्या. मावशी विचारत राहिल्या, शेवटच्या सकाळपर्यंत. बदनामीने गेल्या, असं मी म्हणणार नाही. डॉक्टरांनी हृदय सांगितलं. पण बदनामी डोक्यावर घेऊन गेल्या, हे मात्र मी म्हणणार, आणि ज्यांनी अंगठे उठवले त्यांनी ते वाचावं म्हणूनच इथे लिहितेय. चौकात फ्लेक्स लागला. मावशींचा फोटो पासपोर्टएवढा, श्रद्धांजली वाहणारे हातभर.

दहाव्याच्या दिवशी ग्रुपवर एका अनोळखी नंबरचा आवाज आला. संतोषदादा. “मी व्हॉल्व्हवाला बोलतोय. त्या दिवशी मावशींना मीच सांगितलं होतं. त्यांनी माझं नाव घेतलं नाही, माझ्या पोटासाठी. टँकरचा अन् त्यांचा काय संबंध नाय. एवढंच सांगायचं होतं... आधी सांगायला पाहिजे होतं.” मी फोन हातात धरून बसले. आता तरी कुणी लिहील. माफ करा, एवढंच. ज्यांनी अंगठे दिले त्यांच्यातलं कुणीतरी, एकजण. टाइप होतंय असं वर दिसत होतं. मग आलं. त्याच गृहस्थाचं.

“दादा, उद्या किती वाजता सोडणार?”

त्याखाली आणखी एक : “डी विंगला प्रेशर कमी आहे, बघा जरा.” मी लिहायला घेतलं, जे येतं ते सगळं, पत्रकी भाषेत, धारदार. मग ते पुसलं आणि त्या गृहस्थाला फोन लावला. “जेवलात का?” विचारणार होते. त्याने उचलला नाही. आता आमच्या भागात व्हॉल्व्ह सोडायला दुसराच माणूस येतो. संतोषदादाचं काय झालं, हे ठेकेदार सांगत नाही. ग्रुपवर कुणी विचारलंही नाही. पाणी वेळेवर येतंय ना, मग झालं.

परवा पाण्याच्या दिवशी सकाळी अश्विनीकडे गेले. ओट्याजवळच्या खिडकीत ग्लास तसाच आहे आणि ग्लासात मावशींचा फोन. ती अजून तो रोज चार्ज करते. का, म्हणून मी विचारलं नाही. नळाने हवा ओकली, मग धार लागली. ती हंडा सरकवत होती आणि ग्लासात फोन थरथरला. गावठाणाच्या टोकाला, पाइप संपतो तिथे एक म्हाताऱ्या काकू राहतात, त्यांचा आवाजी निरोप होता. त्यांना वाचता येत नाही. ग्रुपवरच्या फुलांच्या चौकटी त्यांना कळल्या नसाव्यात, आणि इतक्या लोकांतल्या कुणी जाऊन त्यांना सांगितलंही नव्हतं. अश्विनीने ओल्या बोटाने निरोप लावला. ग्लासातून आवाज घुमत आला, जरा रुसलेला :

“कमळे, आमच्याकडं आज बी न्हाई आलं बघ. तू इचारायचीच बंद झालीस, म्हून म्हनलं आपनच सांगावं.”

हंडा भरून वाहायला लागला होता. नळ बंद करायचं आम्हा दोघींनाही सुचलं नाही...