एकविसाव्या जिन्नसाचं कुलूप

मोले नावाचा मेक्सिकन रस्सा किल्लीकाकांनी पहिल्यांदा तोंडात घातला, तेव्हा वीस वर्षांपूर्वी गेलेले त्यांचे केस क्षणभर परत येऊन उभे राहिले, उजव्या कानातून वाफ निघाली आणि शेजारच्या टेबलावरच्या माणसाने आपला ग्लास सुरक्षित अंतरावर सरकवला. निदान घरी येऊन त्यांनी काकूंना असं सांगितलं.

"टोपी घालून जात जा मग," काकू म्हणाल्या.

झालं होतं असं, की शहरातल्या एका गजबजलेल्या रस्त्यावर, चष्म्याच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर मेक्सिकन खाणावळ होती. चालवणारी बाई बारा वर्षं मेक्सिकोत सासूच्या हाताखाली स्वयंपाक शिकून आलेली. अंगाने दणकट, आवाजाने त्याहून दणकट. एका सकाळी तिच्या मागच्या दाराच्या कुलपात किल्ली तुटली आणि काकांना बोलावणं गेलं. काकांनी कुलपाला कान लावला, तार घातली, डोळे मिटले, आणि दार उघडलं. बाईने खूश होऊन ताटली पुढे केली. मक्याच्या मऊ पोळ्या, कोंबडी, आणि तिच्यावर काळाकुट्ट दाट रस्सा.

पहिल्या घासालाच काकांनी डोळे मिटले. आधी मिरची आली, ती सरते तोच दालचिनी, मग तीळ, आणि सगळं संपलं असं वाटत असताना मागच्या दाराने चॉकलेट. तीस वर्षं कुलपं उघडणाऱ्या माणसाला एवढे खटके एका कुलपात कधी भेटले नव्हते.

"किती जिन्नस आहेत यात?"

"एकवीस."

"कोणकोणते?"

"कुलूप कसं उघडता, ते तुम्ही गिऱ्हाइकाला सांगता का? ओळखा. जो एकवीसच्या एकवीस ओळखेल, त्याला करायला शिकवीन."

आजवर एकाही कुलपाने काकांना मान खाली घालून घरी पाठवलं नव्हतं. त्यामुळे दर गुरुवारी दुपारी ते देवळात जावं तसे अंघोळ करून तिथे जाऊ लागले. एक घास, डोळे बंद, मान किंचित कुलपाकडे कलते तशी कललेली. मग वाळवलेल्या फुलांच्या लालभडक आंबट सरबताने जीभ धुवायची आणि दुसरा घास. एक जिन्नस ओळखला, की कमरेच्या कडीत एक कोरी किल्ली चढायची. आठ महिन्यांत वीस किल्ल्या झाल्या. काका चालले, की शाळा सुटल्यासारखा आवाज यायचा.

एकविसावी मात्र हटून बसली. चव लागायची, अगदी तळाशी, कडू आणि खोल. पण नाव सापडेना. काकांनी कॉफी म्हणून पाहिलं, तंबाखू म्हणून पाहिलं, शेवटी गंजसुद्धा म्हणून पाहिलं.

"आमच्याकडे भांडी घासतात," बाई म्हणाली.

पुढच्या तीन महिन्यांत काका निम्मे झाले. गिऱ्हाइकाचं कुलूप हातात घेऊन शून्यात पाहत बसायचे. शेवटी एका गुरुवारी काकूच पिशवी काखेत मारून बरोबर निघाल्या. "बघू तरी, कोण ही सवत."

ताटली आली. काकूंनी घास घेतला, चावला, गिळला.

"हे करपलंय."

"अगं, हळू बोल," काका कुजबुजले.

पण बाई ओल्या हातांनी बाहेर आलीच. "काय म्हणालात?"

"करपलंय यात काहीतरी. पोळी असणार."

बाई खुर्ची ओढून बसली. "माझी सासू मुद्दाम पोळी जाळायची. पार काळी करायची आणि वाटणात टाकायची. तोच एकविसावा."

काकांच्या हातातला घास हातातच राहिला. घरी ताटात करपलेला तुकडा आला, की छोटंसं भाषण करून तो कडेला सारायचा, हा त्यांचा लग्नापासूनचा शिरस्ता. ती चव त्यांनी कधी आतच घेतली नव्हती. इतके महिने रश्शाकडे ज्या नजरेने पाहिलं, त्या नजरेने ते आता काकूंकडे पाहू लागले.

"तुला एका घासात कसं गं कळलं?"

"तुम्ही बाजूला सारलेलं कोण खातं, असं वाटलं तुम्हाला?"

काकांनी कडीतल्या वीसही किल्ल्या काढून काकूंपुढे ठेवल्या.

बाईने शब्द पाळला. दोन दिवस खपून काकूंना मोले शिकवला. काकांना लसूण सोलायला बसवलं.

काकूंनी तो घरी एकदाच केला. भांडी फार पडतात म्हणाल्या.