चाळीसगावची सून

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, बहिणीला नाही – आणि ज्यांना सांगायलाच हवं होतं, त्यांना तर नाहीच. तुम्हाला सांगते. अर्धवट सांगणार नाही. बोलायला मी कधी घाबरले नाही. खरं तर माझी खोड तीच.

मी अमळनेरची. ऐंशीच्या दशकाच्या शेवटी धुळ्याला एम.एस.डब्ल्यू. करत होते. आमच्या कॉलेजनं समाजकार्याला सार्वजनिक आरोग्याचा अभ्यास जोडून दिला होता, दोन्ही मिळून एकच पदवी. सकाळी माणसाचं ऐकून कसं घ्यायचं ते शिकायचं, दुपारी साथी आणि लशी. मला दोन्ही जमायचं. उगाच नम्रपणा कशाला? मी हुशार होते, आणि ते मला पक्कं ठाऊक होतं.

दुसऱ्या वर्षी क्षेत्रकार्याला एक गाव मिळालं, एस.टी.नं तासाभरावरचं. तिथल्या उपकेंद्रात मालती सिस्टर होत्या – पन्नाशीच्या, बुटक्या, भरभर चालणाऱ्या. घरोघरी त्यांनीच मला नेलं. “ही आपलीच आहे, हिच्यापाशी बोला,” असं त्या सांगायच्या, म्हणून तर बाया माझ्याशी बोलायच्या.

त्यातली एक इंदू. वीस-एकवीस वर्षांची, लग्न होऊन चाळीसगावहून आलेली. तिला क्षय होता आणि सासरी कुणाला पत्ता नव्हता. सिस्टरांनी तिच्या गोळ्या स्वतःकडे ठेवल्या होत्या. दळणाचा डबा घेऊन ती यायची, गोळ्या घ्यायची, निघून जायची. एका दुपारी तिनं आपणहून मला सगळं सांगितलं. “ताई, हाई कोनले सांगू नका. मना घरवालाले बी नही.”

मी तिचा हात हातात घेतला. “नाही सांगणार.”

आता तुम्ही म्हणाल, असा आजार लपवणं बरोबर होतं का? हा प्रश्न मीही स्वतःला पुष्कळदा विचारलाय – तो विचारला की मला बरं वाटतं, म्हणून. पण इंदूचं औषध सुरू होऊन चार महिने झाले होते. थुंकीची तपासणी स्वच्छ आली होती. तिच्यापासून कुणाला धोका उरला नव्हता. हे मला माहीत होतं, कारण ते कागद मीच वाचले होते.

मग जिल्ह्याहून एक डॉक्टर आले. सिस्टर लसीकरणाला वस्तीवर गेलेल्या, म्हणून सरपंचांच्या ओसरीवर चहाला त्यांच्यासमोर मी एकटीच. त्यांनी सहज विचारलं, गावात लोक आजार लपवतात का हो? नाव न घेता उत्तर देता आलं असतं. आणि मी नाव घेतलंच नाही! मी म्हणाले, “लपवतात ना. एक चाळीसगावची सून आहे, क्षयाच्या गोळ्या घेते, नवऱ्यालासुद्धा माहीत नाही.” डॉक्टरांनी मान डोलावली. “बारीक लक्ष आहे तुमचं,” म्हणाले. मी फुलून गेले.

गावात चाळीसगावची सून एकच होती. सरपंचांच्या वहिनी कपबशा उचलत होत्या.

आठवड्याच्या आत इंदूला पेटीसकट माहेरी पोचवलं. ती गोष्ट त्या ओसरीवरून निघून गावभर फिरली, तोवर ‘ताई म्हणाल्या’ एवढं गळून गेलं होतं. सासूला लपवल्याचा राग, बाकीच्या बायांना सांगितल्याचा राग – दोन्ही सिस्टरांवर निघाले. हापशावर एक बाई माझ्यासमोरच म्हणाली, “सिस्टरनीच सांगं. औषध तिनापाशीच व्हतं.” मी हंडा उचलायला तिला हात लावला.

पुढे आमच्या सरांनीही विचारलं, बातमी फुटली कुठून? मी म्हणाले, “तिचे कागद सिस्टरांकडे असायचे, सर.” यात एक शब्द खोटा आहे का? एकही नाही. मी फार विचार करून बोलले होते.

बाया उपकेंद्रात जायच्या थांबल्या. सिस्टरांनी स्वतःच बदली मागून घेतली. इंदूनं माहेरी औषध पुरं केलं, ती बरी झाली; पण नवऱ्यानं तोवर दुसरी केली होती. माझा अहवाल कॉलेजात पहिला आला. पुढे मी त्याच विषयाची प्राध्यापक झाले. माणसानं विश्वासानं सांगितलेलं कसं जपावं, यावर मी चांगलं बोलते. अजूनही बोलावणी येतात.

काही वर्षांनी धुळ्याच्या स्टँडवर सिस्टर भेटल्या. निवृत्त झालेल्या, हातात मेथीची जुडी. ख्यालीखुशाली झाली. माझी गाडी लागली तेव्हा त्यांनी एकदम विचारलं, “मी नव्हतं हो सांगितलं. तुम्हाला तरी पटतं ना?”

“मला माहीत आहे, सिस्टर,” मी म्हणाले.

त्यांचे डोळे भरून आले. एवढ्या वर्षांत असं म्हणणारी मी पहिलीच, म्हणाल्या. त्यांनी माझे दोन्ही हात धरले. मी ते सोडवून घेतले आणि गाडीत चढले.