वाकून बघायचे मीटर

शोभानं सांगितलं तेव्हा मला "रऊफभाई आले" असं ऐकू आलं. पुंडलिकनगरातल्या आमच्या घराशेजारच्या मोकळ्या प्लॉटवर मी ट्रकची काच पुसत होतो. रस्त्याकडं बघितलं, कुणीच नव्हतं. म्हटलं, "मग चहा टाक की." ती माझ्या डाव्या बाजूला आली, माझा डावा कान त्यातल्या त्यात बरा आहे, आणि म्हणाली, "अहो, आले नाय... गेले. रऊफभाई गेले." एकच गोष्ट दोनदा सांगावी लागली की माझी बायको एरवी चिडते. त्या दिवशी मी विचारत राहिलो आणि ती न चिडता सांगत राहिली. पडेगावच्या त्याच्या कामाच्या शेडमध्ये दुपारी जेवून तो जरा आडवा झाला होता, तो उठलाच नाही.

रऊफ फायबरचं काम करायचा. उन्हाळ्यात कूलरच्या बॉड्या, एरवी पाण्याच्या टाक्या, रिक्षाचे टप, एकदा तर एका बालवाडीसाठी त्यानं घसरगुंडीचा हत्ती केला होता आणि तो हत्ती कुणाला रेड्यासारखा वाटला तर त्याला भयंकर राग यायचा. बुटका, बोलघेवडा आणि वेळेच्या बाबतीत पक्का बेभरवशाचा माणूस. "कल देता" म्हणाला की समजायचं, महिना गेला. त्याच्या कूलरच्या बॉड्या मी वर्षानुवर्षं गावोगाव पोचवल्या. भाड्याचं गिऱ्हाईक म्हणून ओळख झाली आणि पुढं कधी दोस्ती झाली ते दोघांच्याही लक्षात नाही. उस्मानपुऱ्यात त्याच्या घरी मी इतक्या वेळा जेवलोय की भाभींनी माझ्यासाठी तिखट कमी करायचं कधीच सोडून दिलं होतं.

मी कानानं गाडी चालवणारा माणूस. हे मी फुशारकीनं नाही सांगत, त्या काळातले सगळेच तसे होते. इंजिनाचा सूर जरा बदलला की पाय आपोआप ढिला पडायचा. पुढं कान जायला लागले. खिडकीकडचा उजवा आधी गेला, मग डाव्यानंही कुरकुर सुरू केली. हॉर्न ऐकू येतो, मोठ्यानं बोललेलं कळतं, पण बारीक आवाज गेले ते गेलेच. कानाचं मशीन लावलं तर केबिनमध्ये घरघर तेवढी दुप्पट व्हायची. तेही एक वेळ चाललं असतं. पण कमी ऐकू यायला लागल्यावर एक शब्द फार ऐकावा लागतो, तो म्हणजे "काही नाही". चारचौघं हसतात, आपण विचारतो, काय म्हणाला तो? "काही नाही, असंच." जेवताना पोरं काहीतरी बोलतात, आपण विचारतो, काय झालं? "काही नाही, बाबा." कुणी वाईट म्हणून तसं म्हणत नाही, पुन्हा सांगायचा कंटाळा असतो इतकंच. पण प्रत्येक वेळी तोंडावर दार लावल्यासारखं होतं. हळूहळू मी विचारायचंच सोडलं. भरल्या घरात एकटं पडता येतं, हे मला तेव्हा कळलं.

रऊफनं मला कधी "काही नाही" म्हटलं नाही. तो आधी दोनदा टकटक करायचा, टेबलावर, डॅशबोर्डवर, भिंतीवर, जे हाताशी असेल त्यावर. मी बघितलं की मग बोलायचा. फालतूतली फालतू गोष्ट, समोरच्या हॉटेलातली भजी कशी झालीत हीसुद्धा, तीनदा सांगायची वेळ आली तरी तीनदा सांगायचा. लग्नात, मयतीत तो माझ्या डाव्या हाताला उभा राहायचा आणि कोण काय म्हणालं ते कानाशी सांगत राहायचा, त्यात पदरचं बरंच घालून.

कन्नडच्या घाटात गाडी तापली त्या दिवशी तो शेजारी बसला होता. मागं त्याच्या बॉड्या होत्या, चाळीसगावला द्यायच्या. त्यानं एकदम डॅशबोर्ड बडवायला सुरुवात केली. "अरे प्रभ्या, फॅनचा पट्टा कवाचा ओरडायलाय! तुला ऐकू येईना का?" मी गाडी बाजूला घेईपर्यंत वाफ निघायला लागली होती. जुना टेंपरेचरचा काटा तर कधीचाच मरून पडलेला. आम्ही दगडावर बसून इंजिन गार व्हायची वाट बघत राहिलो. मी म्हणालो, "संपलं रऊफ. ही गाडी आता विकायची." मला मनापासून तसंच वाटत होतं. आणि गाडी गेल्यावर घरात बसून दिवसभर "काही नाही" ऐकायचं, याची भीतीही तितकीच वाटत होती. रऊफनं दगडावर टकटक केलं. "कानाचं काम डोळ्याला देऊ. बडे बडे मीटर बसवतो तुझ्या सामने. फायबरचं खोकं मी करतो. गाडी नक्को बेचू."

मीटर मी आणले. ऑइलचा, टेंपरेचरचा आणि ब्रेकच्या हवेचा. खोकं करायला त्यानं अर्थातच उशीर केला, आणि केला तो ऐन उन्हाळ्यात. पहिल्या खेपेला रेझिनमध्ये, म्हणजे फायबरच्या चिकात, ते घट्ट करणारं हार्डनर जास्त पडलं. उकाडा असा की माल डब्यातच दगड झाला, ब्रश उभाच्या उभा आत अडकला. तो डबा त्यानं फेकला नाही, शेडच्या दारात ठेवला आणि येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवायचा. दुसऱ्या खेपेला डॅशबोर्डच्या कोपऱ्यावर कागद चिकटवून, मेण लावून त्याचा साचा काढला. मीटर बसवायला पाइपाच्या तीन चकत्या कापल्या. त्यावर ताणायला कापड हवं होतं, तर माझ्या अंगातलं बनियनच काढायला लावलं. "पुराना है, मुलायम है, मस्त बसतं." त्यावर रेझिनचा हात, मागून फायबरची मॅट, वरून खाचखळगे बुजवायची लांबी, मग पॉलिश पेपरनं घासणं. घासताना उडालेली धूळ आमच्या अंगात अशी टोचायची की दोघंही माकडासारखे खाजवत बसायचो.

घोटाळा झाला तो चकत्यांच्या तोंडात. काटे ड्रायव्हरकडं वळलेले हवेत म्हणून चकत्या जरा तिरप्या बसवायच्या होत्या. मी चहा आणायला गेलो होतो. माझी वाट बघायची सोडून हा गडी स्वतःच ड्रायव्हर सीटवर चढून बसला आणि स्वतःच्या नजरेनं तीनही चकत्या चिकटवून मोकळा झाला! रंग दिला, मीटर घातले, गाडीत बसवलं आणि मी सीटवर बसलो तर मीटरच्या काचांवर नुसतं आभाळ चमकत होतं. काटे बघायला मला मान खाली घालून वाकावं लागत होतं. मी त्याच्यापेक्षा चांगलाच उंच. मी ओरडलो, "गाडी कोण चालवणार, तू का मी?" तो आधी गोरामोरा झाला, मग हसत सुटला. "मी दिवसात पाच वेळा झुकतो रे, तू मीटरसाठी जरा झुक की! पुढच्या सीझनला दुसरं करून देतो." पुढचा सीझन आला, त्याच्या पुढचाही आला. खोकं तेच राहिलं. वाकून काटे बघत मी तोच ट्रक चालवत राहिलो. तो शेजारी असला की मी वाकल्यावर मुद्दाम टकटक करायचा, "सलाम कुबूल!"

दफनाच्या वेळी मी मागच्या रांगेत उभा होतो. सगळे हळू बोलत होते, मला एक अक्षर कळत नव्हतं. कुणीतरी काहीतरी म्हणालं आणि माझी मान सवयीनं डावीकडं वळली... तिथं एक अनोळखी गृहस्थ उभे होते. त्यांना वाटलं मी काही विचारतोय. मी मान हलवली, काही नाही. तिथं मी फार रडलो.

त्यानंतर गाडीला हात लावावासा वाटेना. कितीतरी दिवसांनी सर्व्हिसिंगला नेली, तर तिथला मिस्त्री खोकं बघून म्हणाला, "काका, अँगल पार चुकलाय. सोडून सरळ करून देऊ का?" मी इतक्या जोरात नको म्हणालो की तो बिचारा दचकला.

गेल्या आठवड्यात कन्नडचं भाडं होतं. शोभाचं माहेर तिथंच, म्हणून तीही सोबत आली. पडेगावला रऊफच्या शेडचं शटर बंद दिसलं. दारातला ब्रश अडकलेला डबा अजून तिथंच होता. मी नजर वळवली, वाकून मीटर बघितले आणि तसाच वाकलेला राहिलो. शोभानं माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. "काय झालं?"

"काही नाही" तोंडात आलंच होतं. मी गाडी बाजूला घेतली, खाली उतरलो आणि तिला म्हणालो, "इकडं सरक, माझ्या जागेवर बस." तिला काही कळलं नाही, पण बसली. आयुष्यात पहिल्यांदा ड्रायव्हर सीटवर बसल्यामुळं अगदी ताठ बसली होती.

"मीटर दिसतेत?" मी खालून विचारलं.

"दिसतेत की. तिन्ही बी काटे समोरच हायेत. तुम्ही उगंच वाकडं म्हणता, किती सरळ बसवलंय त्यांनी."

मी दाराला धरून उभा होतो. तिला म्हटलं, "रऊफ तुझ्याच उंचीचा होता. त्याचे डोळे तिथं होते."